चैत्यातला त्रिविक्रम

धाराशिव शहराच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी, तेर वसले आहे. आज त्याची ओळख गोरोबाकाकांचे गाव अशी आहे आणि वारकरी त्याच ओढीने तिथे जातात. पण गावात गोरोबांच्याही आधी कित्येक शतके उभे असलेले विटांचे एक देऊळ आहे. आत विष्णूची त्रिविक्रम रूपातली, पाय उचललेली मूर्ती आहे. देवळाचा आकार मात्र विष्णुमंदिराचा वाटत नाही. मागची भिंत अर्धवर्तुळात वळते, छत गजपृष्ठाकार आहे, दर्शनी बाजूची कमान कार्ले-अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण करून देते, आणि पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडल्याचे सहज कळते. हेन्री कझन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. पुढे पर्सी ब्राऊन यांनी तेर आणि आंध्रातील चेझर्ला या दोन वास्तू एकाच पंक्तीत बसवल्या: बौद्धांनी बांधलेल्या, नंतर हिंदूंच्या पूजेत आलेल्या. तेव्हापासून या देवळाविषयी दोन तयार उत्तरे ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे, ब्राह्मणी धर्माने बौद्धांची वास्तू बळकावली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, त्यात बळकावणे कसले, बुद्ध हा विष्णूचाच नववा अवतार. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. तेर परिसरातला पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर वेगळे चित्र दिसते. वैदिक-पौराणिक परंपरेने बौद्धांकडून वास्तूचा आकार घेतला, दान-अहिंसा-करुणा हे आचार घेतले, कथा घेतल्या, शेवटी खुद्द बुद्धालाही घेतले. घेतला नाही तो बुद्धाचा मुख्य सिद्धान्त. आणि तो वगळला जातो आहे याची जाणीव त्या काळच्या विद्वानांना पुरेपूर होती.

आधी गाव समजून घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ हे फार मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून साधे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून भडोचला जाई. हे तगर कुठले यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाले. देवगिरी, जुन्नर अशी नावे पुढे आली. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेरच असल्याचे दाखवले आणि आता त्याबद्दल फारसे दुमत नाही. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवरून आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू आज तिथल्या शासकीय संग्रहालयात आहेत: मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंताची स्त्रीमूर्ती, रोमन जगाशी संबंध सांगणारे अवशेष. उत्खननांत सातवाहनकालीन विटांचा स्तूप आणि चैत्याचे अवशेषही मिळाले. म्हणजे तेरला बौद्ध संघ होता यासाठी त्रिविक्रम मंदिराच्या साक्षीवर विसंबण्याचे कारणच उरत नाही. जिथे कापडाचा व्यापार होता, सार्थवाह होते, कारागिरांच्या श्रेणी होत्या, तिथे भिक्खू असणारच होते. संघाला शेती करता येत नव्हती आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्याला परक्या मुलखात ओळखीचे, शीलाचे ठिकाण हवे होते. पश्चिम दख्खनच्या लेण्यांतले दानलेख वाचले तर ही गरज किती परस्पर होती ते पानोपानी दिसते.

या समाजाला आपण आजच्या अर्थाने ‘हिंदू’ आणि ‘बौद्ध’ असे दोन रकाने पाडतो आणि तिथेच पहिली चूक होते. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहा. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन. पुढे अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांची लांबलचक यादी. याच घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, आपल्या मुलाचे वर्णन अद्वितीय ब्राह्मण आणि वर्णसंकर थांबवणारा असे करते, आणि तेच लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना दान देते. एकाच शिलालेखात वर्णाचा अभिमान आणि वर्ण न मानणाऱ्या संघाला दिलेले दान. यात बलश्रीला विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. गृहस्थाच्या दृष्टीने यज्ञ हा राजकुळाचा विधी होता आणि संघाला दिलेले दान हा पुण्याचा मार्ग. सिद्धान्तांची टक्कर पंडितांच्या सभेत व्हायची. दाराशी आलेल्या भिक्खूच्या पात्रात भात घालताना तिचा विचार करायची कुणाला गरज नव्हती.

पण टक्कर होती आणि ती किरकोळ नव्हती. तिचा गाभा समजायला रथाची दोन रूपके शेजारी ठेवली तरी पुरे. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत शरीर हा रथ आहे, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथात बसलेला स्वामी. साधना म्हणजे घोडे ताब्यात ठेवून त्या स्वामीला त्याच्या मुक्कामी पोचवणे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला हाच रथ दाखवतो, पण प्रश्न उलटा करून. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? साटा, जू, दोर यांतले काही रथ आहे का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? हे भाग एका विशिष्ट रीतीने जुळले की त्याला रथ म्हणायचे, एवढेच. तसेच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या स्कंधांच्या जुळणीला ‘मी’ म्हणायचे. ही उपमा नागसेनाची स्वतःची नव्हे. संयुत्तनिकायात ती भिक्खुणी वजिराच्या तोंडी आधीच आली आहे. दोन्ही परंपरा इंद्रियसंयम सांगतात, दोन्ही तृष्णेला दुःखाचे मूळ मानतात, दोन्ही कर्मफळ मानतात. पण एकीच्या रथात बसणारा आहे आणि दुसरीच्या रथात कुणी नाही. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद हे सगळे या कुणी नसण्यावर, म्हणजे अनात्मवादावर, उभे आहे. दुःख निर्माण होते ते कारणांमुळे, आणि कारणे काढून घेतली तर थांबते. त्यासाठी ईश्वराची कृपा लागत नाही की आत्म्याची ओळख पटावी लागत नाही. यज्ञाचा आणि वेदप्रामाण्याचा प्रश्न मग आपोआप निकाली निघतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ आणि बौद्धांचा अर्हत यांच्यात वागण्याच्या पातळीवर फरक सांगा, असे कुणी म्हटले तर अडचण होते. दोघेही सुखदुःखात सम, दोघांनीही कामना टाकलेली. त्या अध्यायाचा शेवटही ब्रह्मनिर्वाणावर होतो. मग भांडण उरले कुठे? माझ्या मते उत्तर त्याच अध्यायात आहे. स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगण्याआधी कृष्ण अर्जुनाला लढायला जे पहिले कारण देतो ते हे की आत्मा जन्मत नाही, मरत नाही, मारला जात नाही. शोक करू नकोस याचा आधारच तो आहे. बौद्ध भिक्खूला हा युक्तिवाद एक पाऊलभरही मान्य होणार नाही. त्याच्या दृष्टीने मारण्याचे कृत्य वाईट ठरते ते हेतूमुळे, आणि मारला गेलेला कुणी नित्य नाही म्हणून हिंसेतून सुटका होत नाही. म्हणजे गीतेने संयमाचा आदर्श जवळजवळ तोच मांडला, पण पायाभरणी पूर्ण वेगळी केली. पंडितांना हे चांगले ठाऊक होते. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ‘तंत्रवार्तिका’त लिहिले की बुद्धाने सांगितलेली अहिंसा वगैरे जरी सत्य असली, तरी कुत्र्याच्या कातड्याच्या पखालीत ठेवलेल्या दुधासारखी ती निरुपयोगी आहे. वाक्य कडवट आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची किंमत मोठी. दूध आपलेच आहे हे कुमारिलाला कबूल आहे; त्याचे भांडण भांड्याशी आहे. ज्ञानाला आधार वेदाचा की एका माणसाच्या अनुभवाचा, हा त्याचा प्रश्न होता. सगळे धर्म एकच सांगतात असे आज जो म्हणतो, त्याने कुमारिलाला उत्तर द्यायला हवे.

आता देवळाकडे परत. कझन्स यांचा तर्क मुख्यतः आकारावर उभा होता: मागची बाजू वर्तुळाकार, छत गजपृष्ठ, म्हणून चैत्य. हा तर्क एकटा टिकत नाही. बेसनगरला हेलिओडोरसच्या गरुडस्तंभाजवळ वासुदेवाच्या मंदिराचा जो पाया सापडला तो लंबवर्तुळाकार होता. नागार्जुनकोंड्याला ब्राह्मणी देवतांची चापाकार मंदिरे निघाली. ऐहोळच्या दुर्ग मंदिराची मागची बाजू तर सगळ्यांच्या ओळखीची. सुरुवातीच्या काळात हा आकार कुठल्या एका पंथाची मक्तेदारी नव्हता. लाकूड-गवताच्या जुन्या सभागृहांवरून तो सगळ्यांनीच घेतला असणार. मंदिराचा काळही अभ्यासक चौथ्यापासून सहाव्या शतकापर्यंत वेगवेगळा धरतात, आणि तेव्हा दख्खनमध्ये विष्णुभक्ती चांगली रुजलेली होती. तेव्हा त्रिविक्रमाचे मंदिर मुळातच त्रिविक्रमाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण तसे असले तरी माझे म्हणणे ढासळत नाही, उलट वेगळ्या बाजूने पक्के होते. ज्या गावात स्तूप आणि चैत्य उभे होते, जिथल्या गवंड्यांचे हात त्या घडणीवर बसलेले होते, तिथे विष्णूचे घर बांधतानाही तोच आकार निवडला गेला. बुद्धाची वास्तू विष्णूला दिली की विष्णूची वास्तू बुद्धाच्या वास्तूसारखी बांधली, हा तपशील महत्त्वाचा आहे खरा; परंतु दोन्हींत आकार पुढे चालू राहिला आणि मध्यभागी काय ठेवायचे ते बदलले.

मध्यभागी जे ठेवले गेले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. विष्णूच्या इतक्या रूपांतून त्रिविक्रमच का? ऋग्वेदापासून विष्णूची तीन पावले प्रसिद्ध आहेत, आणि दख्खनमध्ये हे रूप राजांनाही आवडत होते. बदामीच्या तिसऱ्या, इ. स. ५७८ चा लेख असलेल्या लेण्यात त्रिविक्रमाचे भव्य शिल्प आहे. पण ही कथा दानाची आहे हे लक्षात घ्या. वामन तीन पावले भूमी मागतो, शुक्राचार्य सावध करतो, तरी बळी हातावर पाणी सोडून दान पक्के करतो. हातावर पाणी सोडून दान देणे हा बौद्ध चित्रकथांतला नेहमीचा क्षण. भारहुतच्या शिल्पात अनाथपिंडिक झारी हातात घेऊन जेतवन संघाला अर्पण करतो. जातकांतला शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय वेस्संतर राजपुत्र राज्याचा हत्ती देतो, मुले देतो, बायको देतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही गोष्ट विस्ताराने रंगवलेली आहे. दानाची परमावधी दोन्हीकडे आहे, काहीही हातचे न राखता. फरक हा की जातकात सर्वस्व देणारा हा कथेचा नायक, पुढच्या जन्मीचा बुद्ध. पुराणात सर्वस्व देणारा असुर, आणि नायकपण मागणाऱ्याकडे गेलेले. भागवताच्या आठव्या स्कंधातही बळीचा मान राखला आहे, विष्णू सुतलात त्याच्या दाराशी राखणदार म्हणून उभा राहतो. तरी पाय त्याच्या डोक्यावर पडतोच. मराठी मुलखाने या निवाड्यावर कधी पूर्ण सही केलेली नाही. दिवाळीच्या पाडव्याला बायका ओवाळताना राज्य मागतात ते वामनाचे नव्हे, बळीचे. आणि १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी याच कथेचे सरळ राजकीय वाचन करून बळीला रयतेचा राजा केले. फुल्यांचे वाचन पुराव्याने सिद्ध होणारा इतिहास आहे असे मी म्हणणार नाही. पण दानशूराला पाताळ देणाऱ्या कथेत काहीतरी खुपते हे त्यांनी अचूक पकडले. चेझर्लाच्या देवळातही हाच मामला दिसतो. तिथल्या शिवाचे नाव कपोतेश्वर. कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देणाऱ्या शिबी राजाची कथा त्याला जोडलेली. ती महाभारतात आहे, बौद्ध कथांत आहे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगवलेली आहे. कुणाची आधी, हे ठरवण्यात मला रस नाही. करुणेची गोष्ट टिकली आणि तिचा अर्थ लावणारा संघ गेला, हे दोन्ही ठिकाणी सारखेच घडले.

धाराशिवजवळच्या बालाघाटाच्या डोंगरातली लेणी या गुंत्यात तिसरा धागा घालतात. जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या अहवालात त्यांची नोंद केली. दुसऱ्या लेण्यातला प्रचंड चौरस मंडप, तिन्ही बाजूंना खोल्या आणि मागे गाभारा ही रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी इतकी मिळते की म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी ही लेणी मूळची बौद्ध असून नंतर जैनांकडे आली असे मानले. बर्जेस त्यांना जैनच समजत होते. गाभाऱ्यात आज पार्श्वनाथ आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामरांनी अपभ्रंशात ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले, त्यात करकंड राजाला तेरापूरजवळच्या डोंगरात लेणे आणि पार्श्वनाथाची मूर्ती सापडल्याचे सांगितले आहे. म्हणजे कनकामरांच्या वेळी हे लेणे इतके जुने झाले होते की ते कुणी खोदले याचे उत्तर दंतकथेतून द्यावे लागत होते. इथे कुणी कुणाला हुसकावल्याचे दिसत नाही. ओसाड जागेत नवे रहिवासी आले, एवढेच दिसते.

यावर वास्तू बळकावल्या असे मानणाऱ्यांचा आक्षेप येतो आणि तो अधिक धारदार आहे. हुसकावल्याच्या खुणा दिसत नाहीत म्हणजे हुसकावले नाही असे होते का? जिंकणारा आपल्या हिंसेची नोंद कशाला ठेवेल? प्रश्न रास्त आहे, आणि देशात अन्यत्र बौद्ध विहारांवर घाला पडल्याचे उल्लेख आहेतही. पण या भागापुरता पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. चिनी भिक्खू युआन श्वांग सातव्या शतकाच्या मध्यास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला तेव्हा त्याला शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू दिसले, आणि शंभरेक देवमंदिरेही. पुढे शिलाहारांचा दाखला तर थेट तेरशी जोडलेला आहे. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला मोठ्या अभिमानाने तगरपुराचे स्वामी म्हणवीत. त्यांचे कूळ इथूनच गेले अशी त्यांची समजूत होती. हे राजे शैव. पण उत्तर कोकणातल्या त्यांच्या राज्यात, नवव्या शतकात, कान्हेरीच्या भिक्खूंना दाने मिळत होती. आणि कोल्हापूरच्या गंडरादित्याने शके १०३२ च्या, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात मिरज भागात गंडसमुद्र नावाचे तळे बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (म्हणजे जैनांचा जिन) अशा तिघांची स्थापना केल्याचे व प्रत्येकासाठी जमीन दिल्याचे सांगितले आहे. बाराव्या शतकात तगरच्या वारसदाराने बुद्धाला जमीन द्यावी, हे सरसकट उच्छेदाच्या कथेत बसत नाही. मात्र या ताम्रपटावर हुरळून जाणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. त्या तळ्याकाठचा बुद्ध हा तीन देवांपैकी एक देव आहे. त्याला नैवेद्य आहे, वाद नाही. रोमन व्यापार ओसरला, तेरसारखी नगरे आटली, श्रेणींचे दान थांबले. राजांची जमीन अधिकाधिक अग्रहारांना आणि मंदिरांना जाऊ लागली. गावोगावच्या ब्राह्मणाला घरसंसार होता, शेती होती, पंचांग होते, बारसे-लग्न-श्राद्धाला तो हाताशी होता. संघ मात्र विहाराला बांधलेला आणि विहार दात्याला. विहार मोडले तेव्हा अनात्मवाद शिकवणारे तोंडच राहिले नाही. माझ्या मते तलवारीपेक्षा या दारिद्र्याने संघाचे जास्त नुकसान केले. पण दान कुणाकडे वळवायचे हा निर्णय सत्तेचाच होता, म्हणून त्याला निरागस म्हणता येणार नाही.

ज्याच्या बाजूने बोलणारे कुणी उरले नाही त्याला आपल्यात सामावून घेणे सोपे जाते. विष्णुपुराणात मायामोहाची कथा येते: देवांच्या शत्रूंना वेदमार्गावरून ढळवण्यासाठी विष्णूने आपल्यापासून एक रूप निर्माण केले. भागवतात बुद्ध अवताराचे प्रयोजन असुरांना भुलवणे हेच दिले आहे. म्हणजे नववा अवतार हा सन्मान म्हणून सांगितला जातो, पण मूळ कथेत बुद्धाचा उपदेश जाणूनबुजून दिलेला खोटा उपदेश आहे. बाराव्या शतकात जयदेवाने ‘गीतगोविंदा’त त्याला यज्ञातल्या पशूंची दया आलेला म्हणून वंदन केले, तेव्हा सूर बदलला. मराठीत हा बदल आणखी पुढे गेला. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गणेशाच्या रूपकात वाङ्मयाचे सगळे विश्व बसवले, त्यात बौद्धमताला जागा दिली ती गणपतीच्या हातातल्या मोडक्या दाताची; तो वार्तिकांनी मोडला आहे असा संकेत, म्हणजे पुन्हा कुमारिलच. पराभूत मत, पण देवाच्या हातातून टाकून न दिलेले. याच काळात तेरला गोरा कुंभार मडकी घडवत होते, आणि नाथपंथातून आलेली शून्य-निरंजनाची भाषा संतमंडळीत रुळलेली होती. त्या भाषेच्या मुळाशी बौद्ध सिद्धांचाही वाटा आहे. नामदेव, एकनाथ, तुकाराम विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हणतात, आणि तिथे भुलवणारा मायामोह कुठेच नाही. कमरेवर हात ठेवून मौन धरलेला, शस्त्र टाकलेला देव आहे. जुन्या पंचांगांत आणि दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठोबा दिसतो तो यामुळेच. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये हा सगळा प्रवास मांडला आहे. ढेऱ्यांचा समन्वय हा शब्द मला थोडा उदार वाटतो. संतांनी पुराणातला डंख काढून टाकला हे खरे आणि मोठे काम. पण विठोबाच्या मौनात बुद्धाचे अनात्माचे म्हणणे ऐकू येत नाही. तुकाराम त्या मौनाची तक्रार करतो ती बोलावे म्हणून, भेटावे म्हणून. भेटीसाठी भेटणारा लागतो, आणि मग रथात स्वामी परत येऊन बसतो.

हा हिशेब विसाव्या शतकात पुन्हा उघडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे पाऊल तेरच्या जिल्ह्यातही उमटले आहे: फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तेव्हा विषय वतनाचा, म्हणजे गावगाड्यातल्या गुलामीचा होता. धम्माची भाषा पुढे यायला अजून वेळ होता. पण १९५० मध्ये त्यांच्या संस्थेने मराठवाड्यात औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी त्यांनी पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्ध असल्याचे प्रतिपादन केले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे साफ नाकारते. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींशी अडतात: विठोबा बुद्ध आहे, पण बुद्ध विष्णू नाही. माझ्या वाचनात त्या अडत नाहीत. पहिल्यात वास्तूवरचा आणि मूर्तीवरचा ऐतिहासिक दावा आहे, जो पुराव्याने सिद्ध किंवा असिद्ध होईल. ढेऱ्यांनी मात्र विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, बौद्धांत नाही. दुसऱ्यात सिद्धान्ताचा दावा आहे, आणि तो विष्णुपुराण वाचणाऱ्या कुणालाही बरोबरच वाटेल. बुद्धाला भुलवणारा ठरवणाऱ्या कथेतून बुद्धाचा अनुयायी बाहेर पडणारच.

शेवटचा आक्षेप आंबेडकरांवरच घेतला जातो: त्यांनी तरी बुद्ध जसाच्या तसा कुठे घेतला? निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्ये मूळ उपदेशाचा भाग होती का, की भिक्खूंची नंतरची भर, असा प्रश्न टाकला आणि परंपरानिष्ठ बौद्धांना तो रुचला नाही. गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहण्याची कथाही त्यांनी बाजूला ठेवली. आक्षेपात तथ्य आहे; निवड त्यांनीही केली. पण निवडीची दिशा पाहिली पाहिजे. तेरच्या आणि चेझर्लाच्या वास्तूंतून, गंडरादित्याच्या ताम्रपटातून, पंचांगाच्या चित्रांतून जे जे गळत गेले होते, तेच त्यांनी ग्रंथाच्या मध्यावर ठेवले: आत्मा नाही, सृष्टिकर्ता नाही, ग्रंथप्रामाण्य नाही, आणि पुनर्जन्म मानायचाच तर तो आत्म्याशिवायचा. शून्यवादी म्हणून हिणवले जाईल याची पर्वा न करता, जन्मावर आधारलेली उतरंड मोडायची तर जन्मोजन्मी तोच राहणारा ‘मी’ आधी गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची जात ठरते, या समजुतीला आधार देणारा तो रथातला नित्य प्रवासीच आहे. कुमारिलाने ज्या भांड्यासाठी भांडण केले होते, त्याच भांड्यावर तेराशे वर्षांनी दुसऱ्या बाजूने कुणीतरी तितक्याच गंभीरपणे वाद घातला, आणि या वेळी वाद ऐकायला पंडितांची सभा नव्हती; तडवळ्यासारख्या गावांतली, वतनाच्या जोखडाखालची माणसे होती.